बेस पारखायचा कसा? हेडफोन आणि स्पीकर ऐकून निवडणाऱ्यांसाठी

नवा हेडफोन कानावर चढवला की पहिल्या दोन मिनिटांत जो निकाल लागतो, तो बहुतेक वेळा मोठ्या आवाजाच्या आणि फुगलेल्या बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, बाजूने लागतो. आठवड्याभराने त्याच हेडफोनने डोकं जड होतं, शब्द मागे पडल्यासारखे वाटतात आणि खापर गाण्यावर फुटतं. बेस किती आहे हे कोणालाही कळतं. तो कुठवर खाली जातो, वेळेवर थांबतो का आणि गायकाच्या गळ्यावर चढून बसतो का, हे ऐकायला मात्र सवय लागते.

शिवाय कानावर पडणारा बेस एकट्या यंत्राचा नसतो. कानात सैल बसलेला इअरफोन, कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर आणि बंद करायचा राहून गेलेला बेस बूस्ट, या तिघांनी चांगल्या यंत्रांची भरपूर बदनामी केली आहे. म्हणून आधी हे तिघे बाजूला काढायचे आणि मग यंत्राकडे वळायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: कोणता सूर कुठे राहतो

माणसाच्या कानाची झेप साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं) मानतात. वय वाढतं तशी वरची हद्द खाली सरकते. यातला २० ते ६० हर्ट्झचा पट्टा म्हणजे सब-बेस. तो ऐकू येण्यापेक्षा अंगाला जास्त जाणवतो. ६० ते १२० मध्ये ड्रमच्या किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, ठोसा असतो. १२० ते २५० हा मिड-बेस: नेमका असला तर आवाजाला भरीवपणा येतो, वाढला तर सगळं गढूळ होतं. २५० ते ५०० फुगलं की गायक पेटीत बसून गातोय असं वाटतं.

काही ठाम खुणा लक्षात ठेवा. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला, पाच तारांच्या गिटारची ३१ हर्ट्झला. पियानोची डावीकडची शेवटची पट्टी २७.५ हर्ट्झ. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे रोजच्या ऐकण्यात आपण ज्याला बेस म्हणतो त्यातला बराचसा ६० ते २०० मध्येच असतो. ४० हर्ट्झला दम तोडणारं यंत्रही १२० हर्ट्झला फुगवटा देऊन ‘दणदणीत’ वाटू शकतं. स्वस्तातली बरीच यंत्रं हेच करतात.

आणखी एक फसगत. मूळ सूर वाजलाच नाही, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे उपस्वर वाजले, तर मेंदू मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मुठीएवढ्या स्पीकरवरही खर्जाची तार ‘ऐकू येते’ ती यामुळे. सूर ओळखता आला म्हणजे तो वाजला, असं धरू नका. खरोखर वाजला असेल तर त्याला वजन असतं.

पायरी २: ऐकण्याआधीची साफसफाई

फोन किंवा संगणकातला इक्वलायझर (वेगवेगळ्या पट्ट्यांतले सूर कमी-जास्त करण्याची सोय) सपाट करा. बेस बूस्ट, थ्रीडी, स्पेशियल, ‘मूव्ही मोड’ असं जे काही चालू असेल ते बंद करा. हे पर्याय एकाच ठिकाणी नसतात: गाण्याच्या अॅपमध्ये वेगळे, फोनच्या साउंड सेटिंगमध्ये वेगळे, हेडफोनच्या कंपनीच्या अॅपमध्ये आणखी वेगळे. तिन्हीकडे बघा. स्ट्रीमिंगचा दर्जा ‘ऑटो’वर असेल तर सर्वात वरचा निवडा.

ब्लूटूथ हेडसेट संगणकाला जोडला की काही संगणकांवर यादीत तो दोन नावांनी दिसतो, एक स्टिरिओ आणि दुसरा हँड्स-फ्री. मीटिंगचं एखादं अॅप मागे माईक धरून बसलं असेल तर जोडणी हँड्स-फ्रीवर जाते आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. चांगल्या हेडफोनबद्दलच्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. मीटिंगचं अॅप पूर्ण बंद करा, स्टिरिओचा पर्याय वेगळा दिसत असेल तर तो निवडा, मग ऐका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, तो ‘जास्त खुला’, ‘जास्त भरीव’ असा कळतो आणि मोठं वाजणारं यंत्र फुकटात जिंकतं. स्पीकरसाठी पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेला सलग खळखळाट) लावा, फोनवर आवाज मोजणारं अॅप उघडा, फोन बसल्या जागी कानाच्या उंचीवर धरा आणि दोन्ही स्पीकर एकाच आकड्यावर आणा. फोनचा माईक अचूक नसला तरी चालेल, कारण इथे दोन आकडे जुळवायचे आहेत, खरी पातळी शोधायची नाही. हेडफोनचं मोजमाप असं घरी होत नाही. तिथे नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावा आणि माणूस दोन्हीत सारख्याच जोराने बोलतोय असं वाटेपर्यंत आवाज जुळवा. संगीतावर जुळवायला गेलात तर बेसच फसवेल.

पातळी मध्यम ठेवा. फार हळू ऐकलं तर कोणत्याही यंत्राचा बेस पातळच वाटणार, कारण कानाची घडणच तशी आहे: १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितका मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. आवाज वाढवला की ही दरी कमी होते, म्हणून दुकानात मोठ्याने ऐकलेला बेस घरी रात्री हळू आवाजात गायब होतो. तुम्ही रोज ज्या पातळीवर ऐकता त्याच पातळीवर पारखा. वरची मर्यादाही असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित हद्द आहे, आणि पातळी चढली की हे तास भराभर घटतात.

पायरी ३: हेडफोन नीट बसवा

कानात घालायच्या इअरफोनचा बेस सर्वस्वी हवाबंद बसण्यावर अवलंबून असतो. जरा फट राहिली की आधी सब-बेस जातो, मग उरलेला बेस, आणि शेवटी नुसती किरकिर उरते. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा, मग पाळी सोडा. आता काहीतरी बोलून बघा. स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायला लागला तर नीट बसला.

खात्रीसाठी ४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि इअरफोन बोटाने अलगद आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम वाढला तर फट होती. रबरी टोक एक माप मोठं घ्या. काहीच फरक पडला नाही तर माप बरोबर. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही, डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठं लागणारे पुष्कळ असतात. फोमची टोकं बोटांनी चुरगाळून घालायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. घालताना आतून बारीक ‘कट्’ असा आवाज आला तर तो कोंडलेल्या हवेमुळे इअरफोनमधला पडदा लवल्याचा असतो. तो बिघाड नव्हे.

कानावर बसणाऱ्या बंद हेडफोनमध्ये चष्म्याची दांडी, केसांची बट आणि झिजलेली गादी हे तीन चोर. चष्मा काढून आणि घालून, दोन्ही प्रकारे ऐका. रोज चष्मा घालत असाल तर चष्म्यासकटचा निकालच खरा. मागून उघड्या हेडफोनला हा त्रास कमी, पण त्यांचा सब-बेस मुळातच उतरता असतो, त्यामुळे त्यांची तुलना बंद हेडफोनशी करून नाक मुरडू नये.

बाहेरचा गोंगाट दाबणारा हेडफोन असेल तर ती सोय चालू, बंद आणि ‘बाहेरचं ऐकू येऊ दे’ अशा तिन्ही अवस्थांत ऐका. काही हेडफोनचा सूर प्रत्येक अवस्थेत बदलतो. वायर लावून बॅटरीविना वाजवला तर काहींचा बेस पार बदलून जातो, कारण आवाजाची घडण आतल्या प्रक्रियेवर बेतलेली असते.

पायरी ४: बेसच्या पाच चाचण्या

*खोली.* २० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढणारा स्वीप लावा. हे सूर यूट्यूबवर किंवा सूर निर्माण करणाऱ्या अॅपमध्ये सहज मिळतात. आवाज आधी कमी ठेवा. खालचा सूर ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवाल आणि स्वीप २०० च्या पुढे जाणारा निघाला, तर ३,००० हर्ट्झजवळ तोच आवाज कानात सुरीसारखा घुसेल. कुठे सूर पहिल्यांदा नीट उमटला, तो आकडा टिपून घ्या. ३० हर्ट्झ बारीक ऐकू आला म्हणून निराश होऊ नका. पायरी २ मध्ये सांगितलेल्या कानाच्या घडणीमुळे उत्तम यंत्रावरही तो बारीकच वाटतो. बघायचं ते हे, की तो सूर शुद्ध ‘हूं’ आहे की त्यात भरड ‘घर्र’ मिसळली आहे. भरड आवाज म्हणजे ड्रायव्हर (आवाज काढणारा, आतला हलता भाग) मूळ सूर वाजवण्याऐवजी त्याचे उपस्वर तयार करतोय.

*सपाटी.* त्याच स्वीपमध्ये एखाद्या जागी सूर अचानक उसळतो किंवा गडप होतो का? हेडफोनमध्ये असं झालं तर दोष बसण्याचा किंवा यंत्राचा. स्पीकरमध्ये झालं तर बहुधा खोलीचा. गाण्यात हेच ऐकायचं असेल तर बेस गिटारची चालती ओळ निवडा. प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा लागला पाहिजे. एकच स्वर दर वेळी ठणकत असेल आणि बाकीचे लाजत असतील, तर तो ‘एका सुराचा बेस’. लवकर कंटाळा आणणारा दोष हाच.

*वेग.* खरं तर बेस वेगवान किंवा सुस्त नसतो. वरच्या पट्ट्यातला ठोक्याचा ‘टक्’ आणि खालचा ‘धम’ यांचं प्रमाण बिघडलं किंवा ‘धम’ लांबला की तो सुस्त वाटतो. किक आणि बेस गिटार एकत्र वाजतात असं द्रुत लयीतलं गाणं लावा आणि फक्त किक मोजा. दोन ठोक्यांमध्ये शांतता ऐकू येते का? ठोके एकमेकांत मिसळून सलग गुरगुर होत असेल तर मिड-बेस वाढलेला आहे किंवा खोली घुमते आहे.

*पोत.* इथे तबल्याइतकी चांगली कसोटी शोधून सापडणार नाही. एकल वादनाचं स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या, साथीचं नको. डग्ग्यावर मनगटाने दाब देऊन घेतलेली मींड ऐका. सूर सलग सरकत वर जायला हवा, मधे पायऱ्या पडता कामा नयेत. बोटांचा कातड्यावरचा आघात, मग घुमारा, मग मनगटाची पुसटशी घासण, या तीन गोष्टी वेगळ्या ऐकू आल्या तर बेसला पोत आहे. सगळं मिळून एक गोल ‘घुम्म’ झालं तर बेस आहे, पण आत तपशील नाही. त्याच वेळी दायाँची (उजव्या हाताच्या तबल्याची) चाट, म्हणजे कडेवरचा आघात, धारदार राहते का, हेही पाहा. डग्ग्याने दायाँ झाकला तर सुरांचा समतोल गेला.

*अतिक्रमण.* शेवटची आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक चाचणी. भरपूर बेस असलेलं, पण पुरुषी आवाजाचं गाणं घ्या. बेस सुरू होण्याआधीच्या ओळी आणि नंतरच्या ओळी लागोपाठ ऐका. बेस आल्यावर गायक मागे सरकला, त्याचा आवाज जाड झाला किंवा शब्द समजायला कष्ट पडू लागले, तर बेसने आपली हद्द सोडली आहे.

पायरी ५: बेसच्या पलीकडे

हे झटपट उरकता येतं. नुसतं बोलणं ऐका. ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम, कारण तो आवाज कसा असायला हवा हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर ५,००० ते ९,००० हर्ट्झच्या पट्ट्यात टोक आहे. असा हेडफोन सुरुवातीला ‘क्लिअर’ वाटतो आणि तासाभरात थकवतो. झांज वाजली की ‘त्स’ असा फुटका आवाज न येता धातू ऐकू यावा आणि तो हळूहळू विरावा.

एकाच चॅनलचं, म्हणजे मोनो रेकॉर्डिंग लावा. आवाज बरोबर मध्यभागी, बारीक ठिपक्यासारखा आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर हेडफोन उलटा घाला, डावा उजवीकडे. झुकाव बाजू बदलतो का बघा. बदलला तर दोष हेडफोनचा किंवा जोडणीचा, नाही बदलला तर कानाचा, कदाचित मळाचा.

इंटरनेटवरच्या ‘ऐका या हेडफोनचा आवाज’ छापाच्या व्हिडिओंवरून काही ठरवू नका. तुम्ही तो आवाज तुमच्याच हेडफोनमधून ऐकत असता.

पायरी ६: स्पीकर असेल तर आधी खोली

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर ४ मीटर असेल तर साधारण ४३ हर्ट्झला आवाजाची लाट त्या अंतरात बरोबर अर्धी बसते. ३ मीटर असेल तर ५७ हर्ट्झला. त्या सुराला भिंतीजवळ बेस दाटतो आणि बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. हे पटवून घ्यायला ४० ते ६० हर्ट्झमधला एक सूर लावा आणि खोलीभर हळू चाला. चार पावलांत तोच सूर छाती हलवेल आणि पुढच्या चार पावलांत हरवेल. म्हणून खोलीच्या ऐन मध्यावर बसून किंवा मागच्या भिंतीला डोकं टेकवून स्पीकरचा निकाल देऊ नये.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) कानाच्या उंचीला आणा. मागच्या भिंतीपासूनचं अंतर मात्र हाताने शोधावं लागतं. स्पीकर भिंतीला टेकवला तर बेस वाढतो, कोपऱ्यात ढकलला तर आणखी वाढतो आणि घुमायला लागतो. भिंतीपासून १ मीटरवर ठेवला तर ८६ हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला मारते आणि किकचा ठोसा हरवतो. १० सेंटिमीटरने पुढे-मागे करत बेस गिटारची तीच ओळ ऐकत राहा.

बेस अगदीच पातळ आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही, अशी स्थिती असेल तर एका स्पीकरची वायर उलटी लागली असण्याची दाट शक्यता आहे. अॅम्प्लिफायर बंद करा, एकाच स्पीकरच्या लाल आणि काळ्या वायरची अदलाबदल करा, तांब्याचा एखादा धागा शेजारच्या टोकाला चिकटत नाही ना ते बघा, मग पुन्हा लावा. बेस परत आला आणि आवाज मध्यभागी आला तर ती जोडणी बरोबर.

खरखर आली की लगेच स्पीकरला दोष देऊ नका. तो सूर चालू ठेवून खिडकीची काच, कपाटाचं दार, भिंतीवरची चौकट यांच्यावर एकेक करून हात ठेवा. बहुतेकदा गुन्हेगार तिथेच सापडतो. स्पीकरच्या भोकातून फुसफुस येत असेल तर ती खरी मर्यादा: आतून हवा इतक्या वेगाने ये-जा करते आहे की तिचाच आवाज होतो. भोक असलेली पेटी खालपर्यंत वाजते, पण एका मर्यादेनंतर तिचा आवाज झपाट्याने, सप्तकामागे साधारण २४ डेसिबलने पडतो. बंद पेटीचा १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश.

सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) असेल तर तो आधी स्वतःच्या बसायच्या जागी ठेवा, बेसची ओळ लावा आणि भिंतीलगत ओणवं होऊन फिरा. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतात तिथे सबवूफर मांडा. दिसायला वेडेपणा, पण काम चोख. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झपासून सुरू करा. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही. सबवूफर बंद केल्यावरच त्याचं असणं जाणवलं तर पातळी बरोबर जमली.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरची परीक्षा वेगळी. एकच गाणं ३०, ६० आणि ९० टक्के आवाजावर ऐका. बऱ्याच स्पीकरांतली यंत्रणा आवाज वाढला की ड्रायव्हर वाचवण्यासाठी बेस कापते. ३० टक्क्यांना भरदार असलेला स्पीकर ९० ला पत्र्याचा होतो. तुमचा वापर अंगणातला असेल तर ९० वरचाच निकाल धरा.

पायरी ७: खोक्यावरचे आकडे

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ या ओळीला ‘± ३ डेसिबल’ अशी मर्यादा जोडलेली नसेल तर तिला काही अर्थ नाही. २० हर्ट्झला आवाज ३० डेसिबलने पडलेला असला तरी ती छापता येते. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा म्हणून ४० वाल्यापेक्षा बेस चांगला, असंही नाही. पेटीची घडण आणि ट्यूनिंग जास्त बोलतात. वॉटचा आकडा बेसबद्दल काहीच सांगत नाही. मोजमापाचा आलेख मिळाला तर तो बघा आणि २०० हर्ट्झच्या खालचा भाग कानाने ऐकलेल्याशी ताडून पाहा. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली स्पीकरच्या पसंतीसाठी जे सूत्र मांडलं, त्यात बेस किती खाली पोहोचतो याचा वाटा सुमारे ३० टक्के होता. म्हणजे बेसला महत्त्व आहेच, पण उरलेले ७० टक्के इतरत्र आहेत.

पायरी ८: निकाल आणि दुरुस्ती

कान झपाट्याने सवयीचा होतो. गढूळ हेडफोन अर्धा तास ऐकला की स्वच्छ हेडफोन पातळ वाटतो. म्हणून एका बैठकीत २० मिनिटांच्या वर पारखू नका, आणि दर वेळी मधे ओळखीच्या यंत्रावर तेच गाणं ऐकून कान पूर्ववत करा. जमल्यास दुसऱ्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. शंभर तास वाजवल्यावर हेडफोन ‘उघडतो’ असं म्हणणारे भेटतील. त्या शंभर तासांत उघडतात ते बहुधा कान. परत करण्याची मुदत त्या आशेवर घालवू नका.

थोडा फुगवटा इक्वलायझरने जातो: १५० ते २५० हर्ट्झ २-३ डेसिबलने खाली घ्या आणि गायक पुढे येतो का ऐका. वाढवण्याआधी कापून बघणं केव्हाही बरं. वाढवायचंच असेल तर जितके डेसिबल चढवाल तितके प्रीअॅम्पमध्ये (इक्वलायझरमधली एकूण पातळीची पट्टी) कमी करा, नाहीतर आवाज फाटेल. ६ डेसिबलच्या वाढीला चौपट शक्ती लागते, आणि तीच पातळी एक सप्तक खाली ठेवायची तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. त्यामुळे ४० हर्ट्झला दम नसलेल्या छोट्या ड्रायव्हरला ८ डेसिबलचा धक्का देऊन बेस येत नाही, नुसती घरघर येते. असं यंत्र मुदतीत परत करा.